शून्य आणि एक

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
उचगावच्या दूध संघात सर्व्हर मेला
आणि पंखे मात्र फिरत राहिले.
त्यामुळं आधी कळलंच नाही.

पलीकडं कोल्हापूर झोपलेलं.
फाटकाशी गारगोटीचा टँकर, त्यामागं गगनबावड्याचा,
त्यामागं अजून चार, दिवे मालवून.
तातोबा वॉचमन खिडकीत येऊन म्हणाला,
"मॅडम, दूध म्हंजे काय कागुद न्हाई, उद्या बघू म्हणायला."

बोर्ड जळला होता. डिस्का शाबूत होत्या.
म्हणजे सगळं आठवतंय,
फक्त उठता येत नाही.

स्टोअरमध्ये त्याचा जुळा होता.
एकाच बिलावर आलेले दोघं,
सिरीयल नंबरात शेवटचा आकडा तेवढा वेगळा: सात आणि आठ.
सातनं संघ सांभाळला.
आठला ट्रेनिंगच्या खोलीत नव्या पोरांसाठी ठेवलं,
मग नवी पोरं भरायचंच बंद झालं.

ट्रे ओढताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू.
इर्शाद मुल्लाणीनं नोकरी सोडताना
ट्रेवर आकडे घालून ठेवले होते, शून्य आणि एक,
बायकोच्या नेलपॉलिशनं, लालभडक.
"क्रम चुकला तर डिस्क रुसत नाही," म्हणाला होता,
"रुसली असती तर परवडलं असतं. ती विसरते."
आणि दारातून परत फिरून,
"पहिल्याची वायर ओढल्याशिवाय दुसऱ्याला उठवू नका.
एका नावानं दोघांनी जागं राहायचं नसतं."

वायर ओढली.
एकदम तातोबाचा रेडिओ ऐकू आला.

आठच्या स्वतःच्या डिस्का आधी काढाव्या लागल्या.
त्यांत ट्रेनिंगचं खोटं गाव होतं,
खोटी दूध संस्था, एकशे बारा खोटे सभासद.
नावं मीच बसवली होती, एका दुपारी, डब्यानंतर.
एका म्हशीला तर अकरा फॅट लावली होती, गंमत म्हणून.
त्या ठेवल्या कालच्या पेपरावर, टेंडरच्या पानावर.

खटका. शून्य.
खटका. एक.

स्क्रीननं विचारलं, डिस्क परकी आहे, आत घेऊ?
शब्द हेच नव्हते, अर्थ हाच होता.
एकाच बिलावरचा भाऊ, आणि गाव विचारतोय.
मी हो दाबलं.

परकायाप्रवेशाच्या गोष्टींत
दुसऱ्याच्या देहात शिरलेला कुणी अडखळत नसे.
इथं नेटवर्कचं कार्डच ओळख देईना.
त्याला जुनं नाव दिलं, जुना पत्ता दिला,
गेलेल्याचा सदरा भावाला द्यावा तसा.
जरा ताणला, पण बसला.
मग काट्याचे आकडे हलले.

चार वाजून दोन मिनिटांनी पहिली पावती.
गारगोटीच्या दशरथ खापणेनं ती दिव्याखाली धरली
आणि हसायलाच लागला.
"एक जानेवारी दोन हजार नऊ?
तवा माझं लगीन बी ठरलं न्हवतं, मॅडम!"

लिटर बरोबर. फॅट बरोबर. टँकरचा नंबर बरोबर.
चुकला तो दिवस तेवढा.
दिवस डिस्कवर नसतोच.
तो असतो बोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलमध्ये,
आणि आठचा सेल कधीतरी
स्टोअरमध्ये, कुणी बघत नसताना, संपला होता.

तारीख लावायला मिनिटही लागलं नाही.
ती पावती रजिस्टरात रद्द केली.
कागद माझ्या पर्समध्ये आहे.

सहाला चेअरमनसाहेबांचा फोन. "झालं का चालू?"
झालं म्हटलं.
कोण चालू झालं, ते त्यांनी विचारलं नाही.

पेपरावरच्या दोन डिस्का तशाच पडलेल्या.
एकशे बारा सभासद, अकरा फॅटची म्हैस.
नेलपॉलिश माझ्याकडं नव्हतं, पेननंच लिहिलं:
आठ, शून्य. आठ, एक.
आणि मेलेल्या सातच्या रिकाम्या खणांत सरकवल्या.
धूळ तरी बसणार नाही.