अर्जदाराशी नाते

मी, शशिकांत तातोबा कोष्टी, वय त्रेचाळीस,
धंदा झेरॉक्स आणि टायपिंग, राहणार खणभाग, सांगली,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
हे लग्न खरं आहे.

इतकं लिहून थांबलो.
दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं रोज पन्नास टाइप करतो,
स्वतःचं कधी केलं नव्हतं.

झालं असं, साहेब
(तुम्ही कॅनडात कितव्या मजल्यावर बसता ठाऊक नाही),
की साक्षीदार तीन लागतात.
दोन आले होते. तिसरा, मुलाचा मावसभाऊ,
माधवनगरच्या फाटकापर्यंत आला
आणि घरचा फोन आल्यावर परत फिरला.
रजिस्ट्रारची जेवायची वेळ होत आलेली.
तरन्नुम कचेरीच्या पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडून आली,
म्हणाली, दादा, आधार कार्ड आहे ना जवळ?
सुट्टे मागावेत तसं.

त्यांची नोटीस महिनाभर फळ्यावर होती.
शिकलगारांची मुलगी, मगदूमांचा मुलगा.
लोक यायचे, बोट ठेवून वाचायचे.
दोघे जण माझ्याकडे प्रत मागायला आले,
गावात वाटायला.
टोनर संपलाय म्हणालो.
संपला नव्हता. हेही प्रतिज्ञेवर.

विधी कोणते झाले, असं तुम्ही विचारलंय.
काझी नव्हते, उपाध्ये नव्हते.
बाहुबली मार्केट यार्डातून थेट आलेला,
सौदा अर्धा टाकून. नखं पिवळी.
हळद म्हणाल तर तेवढीच.
सह्या झाल्यावर माझ्या दुकानातल्या गुंडूनं
पंचिंग मशीनचं बूड उघडलं
आणि कागदाच्या टिकल्या दोघांच्या डोक्यावर टाकल्या.
सातबारे, वारसनोंदी, शाळा सोडल्याचे दाखले,
कुणाकुणाच्या भानगडींना पडलेली भोकं.
तिच्या केसांतून निघता निघेनात.
मग भडंगाचा एक पुडा, सहा जणांत.
कांदा मी चिरला, कागद कापायच्या कटरनं.

फोटो एकच का, हेही विचारलंय.
मोबाइल माझा होता.
मागे दिसतं ते देऊळ नाही, दर्गा नाही,
दरपत्रक आहे: झेरॉक्स दोन रुपये, लॅमिनेशन तीस.
नीट पाहिलंत तर तिच्या भुवईवर एक टिकली आहे
आणि तो ती काढतोय.
फोटो हललाय तो त्यामुळे.

आता ती तिकडे नर्स आहे, त्याला बोलावून घेतेय,
म्हणून पुरावा लागतो. दोघांचं बोलणं छापून.
चारशे बारा पानं.
मी गिऱ्हाइकाचं वाचत नाही,
पण कागद अडकला की बघावं लागतं.

"आयर्विनला किती?"
"एकोणचाळीस फूट सात इंच."
"आता?"
"चाळीस."
"गाडी वर लाव. आईंची औषधं पिशवीत घाल."
"तू झोप ना."
"आता?"
पुढची दोन पानं नुसते आकडे, फूट आणि इंच.
नदी इथली, जागरण तिकडे.
प्रेम हा शब्द मला दिसला नाही.
जी पानं अडकली नाहीत, त्यांवर असेल.

शेवटी एक रकाना आहे: अर्जदाराशी नाते.
मित्र लिहावं, तर आधी नुसती तोंडओळख.
नातेवाईक, तर कुठल्या बाजूचा?
त्या दिवशी दोघं माझ्याच पाया पडायला वाकली,
वयानं मोठं दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
मी मागं सरकलो,
पाठीला मशीन लागलं, चालू होतं, गरम.

रकाना एवढासा आहे
आणि खाडाखोड चालत नाही.
तूर्त मोकळा ठेवलाय.
संध्याकाळी बाहुबली येईल, प्रती किती ते सांगायला.
त्यालाच विचारतो,
काय लिहू.