पाण्याआधीचा वारा

आज पाचवा दिवस. नळ आज यायचा.
किती वाजता, ते नळालाच ठाऊक.
कधी रात्री एकला, कधी पहाटे चारला,
कधी व्हॉल्व्हवाल्याच्या पोरीला ताप येतो
आणि मग कुणालाच काही येत नाही.
हंडे, कळशा, धुतलेले रंगाचे डबे
दारात ओळीनं मांडलेत,
आणि उंबऱ्यावर बसून मी
मेणबत्तीला दोरा गुंडाळतेय.

उद्या आगमनकाळाचा तिसरा रविवार,
आनंदाचा.
त्याची मेणबत्ती गुलाबी लागते.
मधल्या मारुतीपासून नव्या पेठेपर्यंत पायपीट केली.
पांढऱ्या होत्या, लाल होत्या,
वाढदिवसाच्या आकड्यांच्या होत्या.
दुकानदार म्हणाला, "लाल न्या की ओ बाई,
काय फरक पडतोय?"
पडतो, एवढंच म्हणता आलं.
नेमका काय, ते मलाही माहीत नव्हतं.

शेवटी समोरच्या नरसम्मानं
टॉवेलच्या काठाचा गुलाबी दोरा दिला,
अर्धी कांडी, मागावरून उतरवून.
पाळक म्हणाले, जपून, पेट घेईल.
म्हणून फक्त खालच्या अर्ध्याला.
सायकलच्या जुन्या रिमवर
लिंबाच्या डहाळ्या बांधून झाल्यात.
दोन मेणबत्त्या जळून बुटक्या झाल्यात,
ही तिसरी.

बाबा मिलमध्ये रंगखात्यात होते.
प्रभुभोजनाची भाकर घ्यायचे
तेव्हाही हात कोपरापर्यंत निळे.
मी सातवीत असताना भोंगा बंद झाला.
मग वीस वर्षं थकबाकीची वाट.
पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला
की बाबा सदऱ्याची वरची गुंडी लावायचे.
पैसे आले नाहीत.
बाबा गेले, सदरा बोहारणीनं नेला.
तेव्हापासून उपासनेत कुणी म्हणालं,
"वाट पाहण्यातच आनंद आहे,"
की मी खिडकीबाहेर बघते.

रात्र उतरलीय, थंडी बेताची.
सगळी गल्ली जागी, पण हळू आवाजात.
नरसम्माची सून भाग्यलक्ष्मी
पालथ्या बादलीवर बसलीय, नववा लागलाय.
तिला कुणी हंडा उचलू देत नाही,
तरी येते. घरात झोप लागत नाही म्हणते,
आत एक जण रात्रपाळीला आहे.
कुणीतरी शेंगा आणल्यात.
टरफलांचा ढीग वाढतोय,
आणि नळ कोरडा.

अडीच वाजता नळ खोकला.

पाणी नाही. नुसता वारा.
उजनीपासून इथवर
लोखंडातून रांगत आलेला,
गंजाचा, ओल्या मातीचा वास घेऊन.
सूं करून एक लांब शीळ निघाली
आणि सगळ्यांच्या हातातल्या शेंगा थांबल्या.
"आला!" नरसम्मा म्हणाली,
अजून थेंबही नव्हता तरी.

भाग्यलक्ष्मीनं माझा हात ओढला,
पोटावर ठेवला. "हा पण उठला बघा."
अलीशिबेच्या उदरात बाळानं उडी मारली,
हे मी रविवारच्या शाळेत
किती वर्षं पोरांना शिकवलंय.
हाताखाली मात्र पहिल्यांदा लागलं:
टाचेएवढं काहीतरी,
आतून दार ढकलणारं.

नळ शीळ घालतच होता.
आणि मला आठवलं,
गुंडी लावताना बाबा शीळ घालायचे.
सूर धड नसायचा,
पण दर वेळी, अगदी दर वेळी.
एवढी वर्षं मी गुंडीच तेवढी जपली होती.
शीळ कुठं ठेवली होती मी?

मग पाणी आलं. आधी गढूळ,
ती कळशी लिंबाच्या बुंध्यात ओतली.
मग नितळ, मग भांडणं, मग रोजचंच.

सकाळी देवळात
मेणबत्ती जरा वाकडीच उभी राहिली.
ज्योत खाली उतरली तसा
दोरा काठाला करपला,
पाळकांनी चिमटीत विझवला.
सुताचा जळका वास
पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत पसरला.
कुणीतरी शिंकलं.
मी स्वेटरची वरची गुंडी लावली.