दोन बोटांची जागा

रात्री पावणेदोन वाजता, उदगीरला,
गच्चीवरल्या टाकीला टेकून
मी एका माणसाला पटवत होतो
की तो पूल आधी त्यांनी नाही, ह्यांनी पाडला.
तो पूल मी पाहिलेला नाही.
त्या नदीचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
माझ्या बाजूनं कुणी ‘निळापतंग’, कुणी ‘सत्यवक्ता एकोणनव्वद’,
त्याच्या बाजूनं तेवढेच.
सगळ्यांकडं नकाशे होते.
झोप कुणाकडंच नव्हती.

सुरुवात खरं तर गाढवापासून झाली.
बातमीतला फोटो: पडक्या घरांमधून गाडी ओढणारं
राखाडी गाढव,
गाडीत गोण्या आहेत की माणसं, कळत नाही,
आणि मागच्या पायाला पट्टी.
सव्वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे मी.
माझी नजर पट्टीवर गेली.
लिहिलं, फार आवळलीय. खाली सूज दिसतेय.
दोन दिवसांत खूर थंड पडेल.

एवढंच.

मग तुटून पडले.
माणसं मरतायत तिथं, आणि तुला खूर दिसतो?
दुसरा म्हणाला, माणसाला गाढवाइतकी तरी किंमत द्या.
तिसरीनं विचारलं, मटण खाता का?
खातो, म्हटलं. रविवारी.
मग गप्प बसा, म्हणाली.
एकानं विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूचा?
आणि मला, ज्यानं हाळीच्या बाजारात
म्हशीच्या दातांवरनंसुद्धा कधी वाद घातला नाही,
मला एकदम बाजू सुचली.
करार, सन, कलम, किती टन दारूगोळा.
अकरा वाजता खाजामियाँचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले,
वीटभट्टीवरनं.
मी तेव्हा कलम चारमध्ये होतो.

जिन्यातनं महानंदा:
कुणासंगं भांडायलाव ओ एवढ्या रात्री?
कुणासंगं नाही, म्हटलं.
खोटं बोललो असं वाटलं नाही.

मग त्या सगळ्याच्या तळाशी एक ओळ आली.
नावाच्या जागी मला वाचता न येणारी अक्षरं.
ओळ इंग्रजीत, माझ्याइतकीच मोडकी:
मग कशी बांधायची?

मी उठून बसलो.
लसीकरणाच्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर
पाय काढला. खूर, सांधा, जखम.
बाण काढले, खालून वर.
आधी कापूस. नसेल तर जुनं बनियन, उकळून.
पोराच्या डिक्शनरीतनं एकेक शब्द वेचत लिहिलं,
पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत.
गेली नाहीत तर सोडा. परत बांधा.
रोज एकदा सोडून बघा.
हळद मिळते का तुमच्याकडं?
मीठ तरी असेल.
कोमट पाणी, असं लिहिलं आणि थांबलो.
आमच्या नळाला आठव्या दिवशी येतं,
तरी ते येतं.
तिथं कसं विचारायचं?
मग ‘असेल तर’ एवढं जोडलं
आणि पाठवून दिलं.

उत्तर नाही.
वर पुलावर लढाई चालूच होती.
निळापतंग हाका मारत होता,
कुठं गेलात? रण सोडून पळालात का?
रण म्हणे.
मी फोन उशाला पालथा घातला
आणि दर दहा मिनिटांनी उलटा केला.

सकाळी भट्टीवर गेलो.
फोन का उचलला नाही, हे खाजामियाँनं विचारलं नाही.
त्यानं चहा दिला, ते जास्त लागलं.
गाढव विटांच्या थप्पीमागं तीन पायांवर उभं.
चौथ्याला त्यानंच रात्री लुंगीची चिंधी बांधलेली,
रक्त थांबावं म्हणून
जीव खाऊन आवळलेली.
सोडली. खूर हातात धरला.
धरून ठेवला थोडा वेळ.
गार, मग जरासा कमी गार.
जखम धुतली, नवी पट्टी बांधली,
आत बोट घातलं, मग दुसरं.
ढिल्ली हो गई ना सायब, खाजामियाँ म्हणाला.
राहू दे, म्हटलं.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला.
दोन्ही हात पुवानं भरलेले.
काढता आला नाही लगेच.