सावद्याचा भुईकाटा

रात्रीचे पावणेअकरा. केळी संघाचं ऑफिस,
पत्र्याखाली दिवसाचं ऊन अजून साचलेलं.
अपडेट झालं. कुलपाकिल्ल्यांची लायब्ररी नवी आली,
जुनीला भोक होतं, ते बुजलं
कागदोपत्री.

कारण यादी काढली तर सोळा सर्व्हिसेस
जुन्याच फाइलीला धरून बसलेल्या.
डिस्कवर तिला नाव नाही, पत्ता नाही,
यादीत तिच्यापुढे एकच शब्द, डिलीटेड,
तरी ती आहे. कुणीतरी उघडून बसलंय
तोवर यंत्र तिला जाऊ देत नाही.
नवी शेजारीच ठेवलीय, घडी न मोडलेली.
मान वळवून कुणी बघत नाही.

घड उतरवल्यावरही खोड उभं ठेवतात बागेत,
पिलाला पाजत राहतं ते महिना-दीड महिना.
ते मला कळतं.
पण हे खोड किडकं आहे
आणि त्याच्या पायाशी पीलही नाही.

मग एकेकीला बसवते, उठवते.
मेसेज पाठवणारी उठली.
पावत्या छापणारी रुसली, दुसऱ्यांदा उठली.
भावफलक मिटला, चार सेकंद काळोख,
पुन्हा कालचेच भाव.

राहिली भुईकाट्याची.
चारशे अकरा दिवस अखंड चाललेली,
आणि बाहेर सात ट्रक, दिल्लीचा माल,
उजाडायच्या आत बऱ्हाणपूर मागे टाकायचंय त्यांना.

काट्यावर डिगंबर फेगडे. खिडकीतूनच म्हणाले,
"चालू हाये ना? मंग कायले बंद करता?"

माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं पानभर.
"चालू आहे म्हणूनच, काका," एवढंच बोलले.
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली,
मागच्या ट्रकला तळहात दाखवला.

मी एंटर दाबलं.
लाल आकडा गेला.
ट्रक काट्यावरच उभा, सोळा टन केळी,
वर ताडपत्री, आत क्लीनर झोपलेला,
आणि यंत्राच्या लेखी तेवढा अर्धा मिनिट
त्या सगळ्याला वजनच नव्हतं.
ड्रायव्हरने उतरून टायरला उगीच लाथ मारली.
काकांनी टायरांकडे पाहिलं,
आकड्याच्या जागेकडे नाही,
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

शून्य आलं. मग थरथरत, थांबत
सव्वीस हजार तीनशे वीस.
वहीत सव्वीस तीनशे.
"ईस किलो खाल्ले तुमच्या नव्यानं," काका म्हणाले,
हसले की नाही ते अंधारात दिसलं नाही.

यादी पुन्हा काढली. रिकामी.
मी तिसऱ्यांदाही काढली.

खिडकीपलीकडे काका पुढच्या गाडीचा नंबर
वहीत उतरवत होते, आडव्या रेघा मारून,
रोज मारतात तशा.
ही वही संघाने बारा वर्षांपूर्वीच बंद केलीय.
त्याचं परिपत्रक माझ्याच कपाटात आहे.
सातही गाड्या निघून जाईपर्यंत
ते मी काढलं नाही.