केसात सांगते

इंगवले डॉक्टरीणबाई उद्यमनगरात पहिल्यांदा आल्या,
मला वाटलं पंपाचं काम असंल.
त्यांनी पर्समधनं काढला शेंगदाण्याएवढा व्हॉल्व्ह.
म्हणाल्या, बाबासो, ह्यातनं एका बाळाचा श्वास जायचाय.

मी जन्मभर उसाच्या चरकाचे रूळ कातलेले.
म्हटलं, सुतात सांगा.
म्हणाल्या, सुतात न्हाई, केसात सांगते.

इंजिनेरी शिकून मग डॉक्टर झालेली बाई ही.
सकाळी दवाखाना, सांजच्याला माझा लेथ,
खिशात व्हर्नियर अन् नळी एकमेकांत गुंतलेली.
सहावा गळला. नववा अडकला.
अकराव्याला हुपरीच्या कारागिरानं डाग दिला,
पैंजणाच्या घुंगराला देतात तसा.
उकळत्या पाण्यात सुटला.
बारावा टेबलावर झकास चालला,
पण ज्याच्यासाठी केला ते बाळ थांबलं न्हाई.

त्या सांजंला बाई स्टुलावर बसून राहिल्या.
च्या गार झाला.
मी लेथ बंद केला न्हाई.
त्या आवाजात माणसाला रडता येतं.

सतरावा आता कुठल्या कुठल्या वॉर्डात हाय, मला काय म्हाईत.
रात्री नातू झोपला की
मी त्याच्या नाकाशी बोट धरतो.
माप बघतो.