शीग

रविवार पेठेतल्या रावजी पोफळ्यांच्या चोपडीत
महिनाभर अडकलेय.
मोडीची ओळ सरसर पळते,
शिरोरेघ आधी, अक्षरं मागून.
खंडी, मण, पायली कळली,
निळवं-कोळवंही लागलं हाताला.
एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मं.
पण लाडी कासारणीच्या नावापुढे, दरवेळी,
आकड्याच्या डोक्यावर एक टिंब.

मी त्याला शाईचा डाग म्हटलं,
मग कसर, मग व्याज.
जंगमकाकांनी चष्मा कपाळावर चढवला,
भिंग सरकवलं, म्हणाले,
"बाकीच्यांना फळी फिरवून, सपाट.
हिला शीग."

का, ते वहीत नाही.
जमेला नाही, खर्चालाही नाही.

शिगेला पोचणं मी आजवर
फक्त उत्सुकतेचं ऐकलं होतं.
इथे ती जोंधळ्याची,
पायलीच्या काठावर थरथरणारी,
चार दाणे ओघळून खाली.

संध्याकाळी भवानी पेठेत किलोभर ज्वारी घेतली.
काट्यावर एक किलो बारा ग्रॅम.
दुकानदाराने चिमूटभर काढली,
आकडा बघितला,
अजून थोडी काढली.

बाहेर येऊन मी पाटी वाचली.
पोफळे नव्हते.