हबमधली वाळू

खालिदमामूंनी मागचं चाक उताणं घेतलं,
कोन सैल केला,
आणि रॉकेलच्या ताटलीत
छर्‍यांच्या आधी वाळू पडली.

"ही मांजऱ्याची न्हाई,"
चिमूट उन्हात धरून म्हणाले,
"तेरण्याची तर नाहीच. पीठ हाय हे.
कुठं घातली होतीस गाडी, शिवलीला?"

तकलामकान, मी म्हटलं.
ते नाव त्यांनी सुपारीसारखं
या गालातून त्या गालात फिरवलं.

मग सांगत बसले :
सरळ रस्ता, नऊ दिवस.
वाळू हलू नये म्हणून बोरूच्या काड्यांच्या चौकटी
नजर संपेपर्यंत रोवलेल्या.
आणि पंपघर सदतीस.
तिथल्या बाईनं दारातच
माझ्या भुवया ओल्या फडक्यानं पुसल्या,
नवऱ्याला हाक मारून मला दाखवलं,
पोट धरून हसली.
मी गार पाणी मागितलं.
तिनं थर्मासातलं वाफाळतं दिलं.
खुणा केल्या, हाताचा पंखा केला,
तर आणखी उकळून आणलं.
चीनभर असंच.
बेचाळीस अंशांत
फुंकून फुंकून पाणी प्यायले.

औशात दुपार तापलेली.
मामूंनी माठातून पेला भरून पुढं केला.
एका घोटात दात ठणकले.
"गरम आहे का?" मी विचारलं
आणि स्वतःचंच ऐकून चपापले.

मामूंनी ग्रीस भरलं.
"ऐंशी रुपये. वाळू ठिवून घेतो,"
रॉकेल फडक्यातून गाळत म्हणाले,
"गिऱ्हाईक नसलं की बघत बसंन."

तुळजापूर रस्त्याला लागले तरी
चाक थोडं बोलतच होतं.